उजवं वळण

मला गाडी चालवायची भीती वाटते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, मला प्रदूषणाची काळजी आहे.

हा गैरसमज मी बरीच वर्षं जपला. मग माझ्या बायकोने, नीलिमाने, अकाउंट्सची पक्की नोकरी सोडून बायकांना गाडी शिकवायचं ठरवलं. मी हादरलो. सुरक्षित नोकरीचं महत्त्व मी तिला जेवताना, झोपताना, दात घासतानासुद्धा सांगितलं. ती म्हणाली की ऑफिसात दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही, संध्याकाळी स्वतःचा आवाज परका वाटतो.

"आणि घाबरलेल्या माणसाशेजारी बसायला मला आवडतं," ती म्हणाली.

ही आवड कधी लागली, असं मी विचारलं. लग्न झाल्यापासून, ती म्हणाली.

तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली जुनी गाडी आणली. क्लास सुरू करण्याआधी तिला कुणावर तरी हात साफ करायचा होता. घरात माणसं तीन. त्यात आईचे गुडघे दुखतात. शिकाऊ परवाना माझा निघाला.

एका रविवारी सकाळी आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यातून निघालो. आई मागे बसली, कारण तिला मंडईत मेथी घ्यायची होती. बेत साधा होता. फक्त एकदा उजवीकडे वळायचं होतं.

पण उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या आडवं जायचं! समोरून टँकर येत होता. (तो अजून दिसतही नव्हता, असं आई आजही सांगते.) मी म्हणालो, पुढच्या चौकात वळतो. पुढच्या चौकात रिक्षा होती. त्याच्या पुढे एक म्हैस माझ्याकडे बघत उभी होती. हळूहळू नीलिमाने 'वळा' म्हणणं सोडून दिलं. आईने मागून विचारलं, मंडई हलवली का रे?

अंबरनाथ आलं. अंबरनाथ गेलं. छाती इतकी धडधडत होती की इंजिन बंद पडलं तरी मला कळलं नाही, मागच्या टेम्पोने कळवलं. डावीकडे मात्र मी बिनधास्त वळत होतो. असं वळत वळत आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका बोळात शिरलो. बोळाच्या टोकाला फर्निचरचं दुकान होतं, दुकानाबाहेर रस्त्यावरच एक लाल सोफा, आणि सोफ्यावर चहा पीत बसलेले दुकानाचे सिंधी शेठ.

मी ब्रेक दाबला. निदान मला तसं वाटलं. गाडीने उसळी घेतली, आईने रामरक्षा सुरू केली आणि मी डोळे मिटून घेतले. नीलिमाने तिच्याकडचा ब्रेक दाबला. डोळे उघडले तेव्हा आमचा बंपर सोफ्याला टेकला होता. शेठच्या बशीतला चहा सांडलासुद्धा नव्हता.

"साईं, पसंद है तो उतरके देखो ना," शेठ म्हणाले.

माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. नीलिमा हळू आवाजात म्हणाली, "अहो, भीती वाटतेय ना? वाटू दे. फक्त उजवा पाय उचला." मी उचलला. मग एकेक गोष्ट सांगत तिने मला तो अख्खा बोळ रिव्हर्समध्ये पार करायला लावला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

शेठची बायको हे सगळं बघत गाडीबरोबर चालत आली आणि खिडकीत वाकली. "मुझे भी सिखाओ, दीदी. इनको सिखा सकती हो तो किसी को भी सिखा लोगी."

नीलिमाला पहिली विद्यार्थिनी अशी मिळाली. घरी येताना गाडी तिने चालवली, मी मागे आईचा हात धरून बसलो. हिशेबाच्या टेबलावर ती का कोमेजत होती, हे मला तेव्हा कळलं. मी माझ्या नोकरीत इतका खूश का असतो, हेही कळलं. मी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कुठे काय वाईट घडू शकेल याची दिवसभर धास्ती घेणं हेच माझं काम, आणि आमचे साहेब सगळ्यांना सांगतात की इतका जीव ओतून हे काम करणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही.