न तपासलेली पाटी

करुणाबाईंचा डोळा लागतोय. मधल्या सुट्टीतली खिचडी पोटात आहे, शिक्षकांच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय आणि चौथीच्या पुढच्या तासाचा धडा मांडीवर उघडा पडलाय: पूर्वी काही मुलांना शाळेबाहेर बसवत. मुख्याध्यापकांनी सकाळीच बजावलंय, वाचून घ्या आणि पुढे चला, चर्चा नको. जुनं उकरू नका, असा पोलीस पाटलांचाही निरोप आलाय; त्यांची नात आर्वी याच चौथीत. बाईंना या दोघांची भीती नाही. याच शाळेत बाहेर बसणाऱ्यांत आपले वडील होते, हे कळल्यावर ही पोरं आपल्याकडे कशी बघतील, याची आहे.

पंखा थांबतो. व्हरांड्यात तेच वडील, आबा, बसलेत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण अंगात तोच सदरा, खाली गोणपाट, मांडीवर पाटी.

"आबा, काय करताय?"

"गणितं."

व्हरांडा आता घरचं अंगण आहे, चुलीचा धूर येतोय, तरी खिडकीतून चौथीचा वर्ग दिसतो. हयातीत ज्याबद्दल आबांनी चकार शब्द काढला नाही, ते आता निवांत सांगतात. मास्तर बाहेरच्यांच्या पाटीला हात लावत नसत. पाटी उंबऱ्यावर ठेवायची, चार पावलं मागं सरायचं. मास्तर लांबूनच मान हलवणार. ती हो म्हणाली की नाही, हे पोरांनी ओळखायचं. पुढे सगळ्यांना आत घेतलं, तेव्हा आबा शाळा सोडून विहिरीच्या कामावर जात होते.

"माझं बरूबर का चूक, कुणी सांगितलंच न्हाई बघ."

बाईंना रडू येतं आणि संतापही येतो. त्या आबांचा हात धरून त्यांना ओढतच वर्गाशी नेतात. पण सवय मेल्यावरही सुटत नाही. आबा पाटी उंबऱ्यावर ठेवतात आणि मागं सरतात.

हे आजोबा आत का येत नाहीत, असं आर्वी विचारते. सगळा वर्ग बघतोय.

"हे माझे वडील," बाई म्हणतात. "यांना याच वर्गात बसू दिलं नव्हतं. यांच्या जातीला शिवायचं नाही, असं गाव म्हणायचं."

मग एकच गलका होतो. यांनी काही चोरलं होतं का, पाणी कुठं प्यायचे, आमचे पणजोबा तेव्हा आत होते का. बाई एकेकाला उत्तर देतात. तोवर आर्वीनं पाटी उचललीय. ती बोटांवर आकडे पडताळते.

"तीन बरोबर, एक चूक. आजोबा, हातचा राहिला."

आबा खदखदून हसतात. एवढं खूश बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चुकलं म्हनून सांगनारं भेटलं एकदाचं," म्हणत ते उंबरा ओलांडतात आणि पहिल्या बाकावर आर्वीशेजारी बसून चुकलेलं गणित पुसायला घेतात.

घंटा होते. करुणाबाई दचकून उठतात. त्यांच्या उजव्या हाताला पाटीवरच्या पेन्सिलीची पांढरी भुकटी लागलीय. या शाळेत कित्येक वर्षांत कुणी पाटी आणलेली नाही. बाई हात धूत नाहीत. पुस्तक खुर्चीवर टाकून त्या तडक चौथीत शिरतात.

"सगळे व्हरांड्यात चला," त्या म्हणतात. "माझे वडील कुठं बसायचे, ते दाखवते."