जाऊ-द्या आबा

आबांना पळताना कोणी पाहिलं नाही. शिरूरच्या स्टँडवरून एसटी सुटत असली, कंडक्टर दारातून हात करून बोलवत असला, तरी आबा आपल्या चालीनंच यायचे. गाडी निघून गेली की शांतपणे म्हणायचे, "जाऊ द्या. पुढची येती." वाऱ्यानं पटका उडाला तर त्याच्यामागं धावायचे नाहीत. तो एखाद्या बाभळीला अडकेपर्यंत उभे राहायचे आणि मग जाऊन काढून आणायचे. त्यावरून शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांचं नाव 'जाऊ-द्या आबा' पडलं. खरं नाव मतदारयादीत होतं, ते तिथंच राहिलं.

हेच आबा आमच्या पाठलाग सुरक्षा समितीचे अध्यक्ष होते. समितीचं म्हणणं साधं होतं. पोलिसांनी गाडीचा पाठलाग जरूर करावा, पण भर बाजारातून, शाळा सुटताना आणि वस्तीतून करू नये. नंबर टिपावा, पुढच्या नाक्याला कळवावं आणि मोकळ्या रस्त्यावर गाठावं. लोकांना नावातला 'पाठलाग' तेवढा कळला. एकदा वडगाव रासाईचा एक माणूस धापा टाकत आला आणि म्हणाला, "आमची म्हस दावं तोडून पळालीया. कमिटी पाठलाग करती न्हवं?" आबांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "पारडू घरी हाय का?" तो हो म्हणाला. "मग सांजच्याला येती ती. बसा." म्हैस संध्याकाळी आली. समितीचं पहिलं यश म्हणून आम्ही ते बरेच दिवस सांगत होतो.

माझा तेव्हा बाजारतळाला लागून एसटीडी बूथ होता. बाजार म्हणजे शिरूरहून दौंडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भरणारा आठवडी बाजार. बाक, पंखा आणि फोन या तिन्ही गोष्टी एका जागी फक्त माझ्याकडं होत्या, म्हणून बैठका तिथं होत आणि म्हणूनच मी कार्यवाह झाले. उपाध्यक्ष होते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आप्पा. ते आबांना सोडत नसत. "आबा, तुमच्या चालीनं मी गाडी हाकली असती तर माझं पाशिंजर अजून वाटंतच असतं." आबा म्हणायचे, "असू दे की. हातपाय तरी शाबूत असतं."

समिती निघाली ती आबांच्या घरातल्या दुःखातून. त्यांची बायको याच बाजारात, रस्त्याच्या वळणावर घोंगड्या विकायला बसायची. आबा तिला 'कारभारीण' म्हणत. एका बाजाराला वाळूचा ट्रक भरधाव आला, मागं सायरन वाजवत जीप. ट्रकवाल्याला वळण साधलं नाही. घोंगड्यांच्या गठ्ठ्यासकट ती गेली. जीप कुठल्या ठाण्याची होती ते मी लिहीत नाही. आबाही कधी त्याचं नाव घेत नसत. तेरावा झाल्यावर ते त्या ठाण्यात गेले आणि एवढंच विचारलं, "ट्रकात काय व्हतं?"

"वाळू."

"वाळू?" आबा म्हणाले. "नदीत लई हाय की."

आणि ते परत आले. त्यानंतर ते माझ्या बूथवर येऊन म्हणाले, "ताई, ह्याचं कायतरी करू. आरडून न्हाई. बसून."

आबांचं घराणं मेंढपाळांचं. वडील रानोरान हिंडलेले. आबांच्या पिढीत जमीन झाली, भीमेच्या काठाला ऊस आला, पण आबांनी थोडी मेंढरं ठेवलीच. पोरं म्हणायची, कशाला आता? आबा म्हणायचे, "ऊस काय हाक मारली तर मान वर करतो व्हय?"

बैठक कुठलीही असो, त्यांची लांडग्याची गोष्ट ठरलेली. तरुणपणी ते दौंडच्या बाजूला, रेल्वेलाइनजवळच्या रानात मेंढरं चारत होते. लांडग्यानं एक कोकरू उचललं. आबा काठी घेऊन त्याच्यामागं धावले. बरंच लांब गेल्यावर मागं मालगाडीची शिट्टी ऐकू आली. बुजलेलं खांड, म्हणजे मागं राहिलेला मेंढरांचा सगळा कळप, रुळांवर चढलं होतं. "एका कोकरासाठी पळालो आन् निम्मं खांड घालवलं," ते सांगायचे. "कोकरू बी न्हाई घावलं." आपण का पळत नाही, याचं तेवढंच कारण ते देत. शिरूरच्या कचेरीत, दौंडला, कुरकुंभच्या कारखान्याच्या गेटवर ड्रायव्हर लोकांसमोर, सगळीकडं ही गोष्ट झाली. आप्पा तर लांडगा आला की बाहेर तंबाखू मळायला जायचे.

त्या वेळी आमच्या भागाला जे इन्स्पेक्टर साहेब होते, ते सरळ माणूस होते. आबा आले की स्वतः खुर्ची सरकवायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आबा, आज लांडगा नको." पण मुद्द्यावर ते हलत नव्हते. "आरोपी डोळ्यांसमोरून सुटला तर लोक मला जाब विचारतात. तुमच्या समितीला नाही विचारत. दुसऱ्याचं गेलं की जाऊ द्या म्हणणं सोपं असतं, आबा."

"माझं बी गेलंय, साहेब."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "चुकलो. पण ते गेल्यानंतरचं झालं. डोळ्यांदेखत जात असताना थांबणं वेगळं."

आबांनी पटका सारखा केला आणि ते उठले. परतताना एसटीत मला म्हणाले, "साहेब बोलला त्यात खोट न्हाई." आम्ही पुढं एकच काम वाढवलं. रस्त्यावरच्या एसटीडी बूथवाल्यांना जोडून घेतलं. पळणारी गाडी दिसली की अडवायची नाही, ओरडायचं नाही, फक्त पुढच्या बूथला फोन करायचा. मी नंबरांची यादी करून प्रत्येक बूथवर चिकटवली. पूर्वी मेंढपाळ या टेकडीवरून त्या टेकडीला हाळी द्यायचे, तसंच हे, असं आबांचं मत.

आणि मग ती सकाळ आली. बाजाराचाच दिवस. आबांची मेंढरं रस्त्याजवळच्या कापलेल्या रानात चरत होती आणि आबा रानाच्या दुसऱ्या टोकाला होते. एक ताडपत्री टाकलेला टेम्पो रस्त्याला लागला, माणसं उतरली, पुढची चांगली चांगली मेंढरं भराभर आत कोंबली. त्यात आबांचा एडकाही होता, हाक मारल्यावर सगळ्यांच्या आधी मान वर करणारा. आबा रस्त्यापर्यंत येईतो टेम्पो निघाला. तेवढ्यात मागून साहेबांची जीप आली, बाजाराच्या बंदोबस्ताला निघालेली. पुढचं सगळं मला साहेबांनीच सांगितलं, एकदा नाही, अनेकदा.

टेम्पोची धूळ अजून दिसत होती. साहेब म्हणाले, "बसा आबा. वळणाच्या आत गाठतो त्याला."

आबांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "वळणावर बाजार हाय, साहेब."

"अहो, तुमची मेंढरं आहेत त्यात!"

"व्हय. माझीच हायत."

"मग?"

"बाजार माझा न्हाई." साहेब सांगायचे, म्हाताऱ्यानं हात बॉनेटवरून उचलला नाही. "जाऊ द्या. पुढं कळवा."

ड्रायव्हरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी सायरनला हात लावला नाही. वायरलेसचा माउथपीस उचलला.

ठाण्यातून मला फोन आला. पांढरा टेम्पो, अडवू नका, नुसतं बघा. मी दारात येऊन उभी राहिले. टेम्पो आला तो बैलगाडीच्या वेगानं, कारण मागं कोणी नव्हतं आणि पुढं भाजीचे ढीग होते. ताडपत्रीच्या फटीतून लोकर दिसत होती. वळणावर, जिथं कारभारीण बसायची त्याला लागूनच, मिरच्या विकणारी मावशी बसते. तिची मिरच्यांची पाटी रस्त्यात आली होती. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून काहीतरी म्हटलं, मावशीनं पाटी ओढून घेतली आणि टेम्पो निघून गेला. मी आत धावले आणि पुढच्या बूथचा नंबर फिरवला. लाइन मेलेली होती. पुन्हा फिरवला. त्याच्या पुढचा लावला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "ताई, हितनं तसा टेम्पो गेलाच न्हाई." मधेच कुठंतरी तो नदीकडच्या कच्च्या रस्त्याला उतरला होता. पुढं नंबरही खोटा निघाला. मेंढरं गेली ती गेली.

दुपारी आबा बाजारात आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चहाच्या टपरीवरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काय आबा, जाऊ द्या म्हणाला, गेली की सगळी!" हशा झाला. आप्पा अंगावर धावून जायला निघाले, तर आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग आपल्या चालीनं ते बाजाराच्या एका टोकापासून निघाले. बांगड्यावाली, सुऱ्यांना धार लावणारा, मीठवाला, कोंबड्या घेऊन बसलेल्या दोघी जावा. प्रत्येकापाशी जरा थांबत, मेंढरं मोजावीत तसं बघत, ते वळणावर आले. मी मागं होते. धीर द्यावा म्हणून गेले होते.

आबांनी मावशीला विचारलं, "सकाळी टेम्पो गेला का गं इथनं?"

"गेला की. म्हणला, मावशी, तेवढी पाटी सरकवा. बरा वाटला माणूस. न्हाईतर आजकाल कोण बोलतंय नीट?"

"मग सरकवली?"

"सरकवली की. का वं?"

आबा हसले. त्या वळणावर, कारभारीण गेल्यापासून, मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. डोळे भरलेले होते आणि हसत होते. मावशीला काही कळेना. आबांनी तिच्याकडून पावशेर मिरच्या घेतल्या, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ताई, सगळी जाग्यावर हायत."

पुढच्या बाजाराच्या आधी साहेबांनी त्यांच्या ड्रायव्हर लोकांना बोलावून हुकूम दिला. बाजार, शाळा, वस्ती इथं पाठलाग थांबवायचा, नंबर घ्यायचा, पुढं कळवायचं. हुकमाचा कागद जीपच्या काचेला आतून लावला. शेजारच्या ठाण्यांनी तो बघून आपापला केला. आम्ही अर्ज, निवेदनं, शिष्टमंडळं करून जे झालं नव्हतं, ते झालं. आबांचं नाव घालू का, असं साहेबांनी विचारलं होतं. आबा म्हणाले, "माझं नको. बूथवाल्याची लाइन तेवढी दुरुस्त करून घ्या." साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या चहाला ते म्हणाले, "नोकरीत पुष्कळ पकडले. ते आठवत नाहीत. एक सोडला, तो रोज आठवतो." आबा शेजारी बसून बिस्किट चहात बुडवत होते. म्हणाले, "मला एडका आठवतो." सगळे हसले, साहेबही.

काही वर्षांनी मोबाइल आले आणि माझ्या बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं. आबा थकले, पण बाजाराला येणं सुटलं नाही. ते गेले तेही बाजाराच्याच दिवशी, सकाळी, अंगणात खाटेवर. पोरांनी ठरवलं की बाजारात गर्दी असणार, आबांना बाहेरच्या रस्त्यानं न्यावं. आबांनाही तेच आवडलं असतं. पण आप्पा मधे पडले. "बाजारातनंच न्यायचं," ते म्हणाले. "सावकाश नेऊ. त्येंच्या चालीनं."

वळणावर मिरचीवाली मावशी बसली होती. तो टेम्पो कोणाचा काय घेऊन गेला होता, हे तिला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. तिला कोणी काही म्हटलं नाही. ती आपणहून उठली आणि तिनं पाटी सरकवली. तिच्या पाठोपाठ मीठवाला, धारवाला, बांगड्यावाली, सगळी उठली आणि आपापला माल हातांनी मागं ओढून उभी राहिली. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला. आबा त्यातून गेले. कोणालाही घाई नव्हती.

ते दिसेनासे झाल्यावर पाट्या पुन्हा पुढं आल्या आणि सगळी आपापल्या जाग्यावर बसली.