तात्यांना खालचं दिसत नव्हतं

शेवटची चार वर्षं तात्या खाली बघायचेच नाहीत. रस्त्यानं चालताना हनुवटी वर, नजर थेट समोर, पापणीसुद्धा क्वचित हलायची. पायाशी कुत्रं झोपलेलं असो की गटाराचं झाकण उघडं असो, ते समोरच्या भिंतीकडं बघत पाऊल टाकायचे. अंबडच्या आमच्या गल्लीनं त्याचा एकच अर्थ काढला. रिटायर झाल्यावर माणसाला ताठा आला.

खरं तर या माणसाचं आयुष्य खाली बघण्यात गेलं होतं. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत ते एकोणतीस वर्षं होते. त्यांतली अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. कपाशीच्या चारशे बिया शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळायच्या, आणि ठरल्या दिवशी उलगडून चांगले कोंब किती, वेडेवाकडे किती, कुजलेले किती ते मोजायचं, हे आमचं काम. तात्या इतके वाकत की चष्मा कागदाला टेकेल असं वाटायचं. मी एकदा नुसतं बघून शेकडा नव्वदच्या आसपास म्हणालो, तर त्यांनी चारही गुंडाळ्या परत माझ्यापुढं ठेवल्या. "अंदाज तर चहावाला बी सांगंल, भाऊ. तुम्ही मोजून सांगा." सत्याऐंशी निघाले.

त्यांना माणसं लागायची. बसमध्ये जालन्यापर्यंत शेजारच्याशी बोलणं चालू. कुणाचं वावर दाट पेरलंय, कुणाच्या बैलाची चाल बिघडलीय, सगळ्यावर त्यांचा शेरा तयार. चहा मात्र एकट्यानं कधी घेतला नाही. टपरीवर ओळखीचं कुणी येईपर्यंत थांबायचे, मग दोन सांगायचे. "एकट्यानं पिला तर त्यो चहा न्हाई, काढा ऱ्हातो," म्हणायचे.

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांत ते पडायला लागले. ठेच लागून पुढं नाही, सरळ मागं, पाठीवर. टपरीसमोर दोनदा पडले. बोलणंही जड, ओढल्यासारखं झालं. ज्यानं जन्मात सुपारी खाल्ली नाही, तो आता पितो, असं टपरीवर ठरून गेलं. मी त्या बोलण्यात नव्हतो. पण कुणाला अडवलंही नाही.

त्याच सुमारास माझी मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली. तिला पाया पडायला तात्यांकडं नेलं. ते उभे होते. ती वाकली, पायांना हात लावला, उठली. तात्या माझ्या मागच्या दाराकडं बघत राहिले. हात उचलला नाही, तोंडातून शब्द निघाला नाही. बाहेर आल्यावर पोरीनं विचारलं, आजोबा आपल्यावर रागावलेत का? मला ते फार लागलं. त्यानंतर चौदा महिने मी त्या घरी गेलो नाही. आमच्या दोन दारांत बेचाळीस पावलांचं अंतर आहे.

शेवटी तात्यांच्या बायकोनं, काकूंनीच निरोप पाठवला. त्यांचा मुलगा पुण्यात, आणि तात्यांना संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडं न्यायला सोबत हवी होती. डॉक्टरांनी पेन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू खाली नेलं. पेन छातीपर्यंत आलं तरी तात्यांचे डोळे जागेवरच होते. मेंदूच्या पेशींत बारीक नळ्या असतात, त्यांना आधार देणारं टाऊ नावाचं प्रोटीन असतं, डॉक्टर सांगत होते. ते सुटतं आणि त्याचे गुंते होतात. अल्झायमरमध्येही हे गुंते असतात; तिथं सहसा आठवण आधी जाते. तात्यांच्या आजारात आधी तोल जातो आणि खाली वळणारी नजर जाते. थांबवणारं औषध अजून नाही. मी विचारलं, मग यांची आठवण? डॉक्टर म्हणाले, ती बरीचशी शाबूत आहे.

मला बरं वाटायला हवं होतं. पण याचा अर्थ, कोण कधीपासून आलं नाही, ते सगळं तात्यांना आठवत होतं.

मग मी रोज संध्याकाळी जायला लागलो. त्यांचं ताट किती उंचीवर ठेवलं म्हणजे त्यांना दिसतं, ते आधी पट्टीनं पाहिलं. नऊ इंच. तेवढ्या उंचीचा डबा काकूंनी उपडा घातला. मी समोरच्या स्टुलावर बसायचो, त्यांच्या नजरेच्या रेषेत. एके दिवशी ते बोलले. एकेक शब्द येईपर्यंत मी थांबलो.

"पोरीला... आशीर्वाद दिल्ता मी. मनात. हात जल्दी उठला न्हाई."

थोड्या वेळानं परत म्हणाले, "मी पीत न्हाई, भाऊ. एवढं सांगा... बाहेर."

मी सांगितलं. टपरीवर, बँकेच्या रांगेत, देवळाच्या ओट्यावर; मोजून सव्वीस जणांना. प्रोटीन म्हटलं की लोक हसायचे, मेंदू म्हटलं की गप्प व्हायचे आणि 'हो का' म्हणून विषय बदलायचे. सव्वीसांतले तीन घरी आले, त्यांतले दोन एकदाच. तात्या खुर्ची दाराकडं करून बसायचे.

गेल्या पौषात ते गेले. घास नीट गिळता येईना, छाती भरली, आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मौतीला दीडशेच्या वर माणसं होती. माझ्या शेजारी गल्लीतला शिंपी चालत होता. तो माझ्या सव्वीसांत नव्हता. "लाखात एक मानूस," तो म्हणाला. "दारूनं घात केला बगा."

मी चालता चालता त्याला सगळं सांगितलं. पेन, डोळे, गुंते, पोरीचा नमस्कार, सगळं. त्यानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"मंग मधी वरीसभर तुम्ही का न्हाई गेले त्यांच्याकडं?"

मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी म्हणालो.

"आमाला तरी कुठं व्हतं?" तो म्हणाला, आणि खांदा द्यायला पुढं गेला.