यंत्रमानवाची शिफ्ट सुटली

मैत्रिणींनो, आज अगदी वैताग आला. नातीची लाडकी जपानी कार्टून मालिका अर्धवटच बंद पडली. त्यातला यंत्रमानव वेशीवर एकटा पहारा देत राहिला आणि कालपासून ही जेवेना. म्हणून मीच शेवट रचला: लढाई, बलिदान, आकाशात नवा तारा.

ती रडायलाच लागली. "आजी, तू त्याला मारलंस."

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले आमचे हे पेपरामागून म्हणाले, "मरतोय कशाला? दुसऱ्या शिफ्टचा माणूस आला, हा घरी गेला."

"घरी कोण होतं?"

"तुझ्या आजीसारखी कुणीतरी. ताट झाकून जागी बसलेली."

पोरगी भराभर जेवली.

माझं जागणं यांच्या लक्षात होतं, हे मला इतक्या वर्षांनी यंत्रमानवाच्या गोष्टीतून कळावं? तुमच्याकडेही असंच का?