दुसऱ्यांदा धुतलेलं बाळ

बाळ माझ्या मांडीवर होतं. अंग पुसून झालं होतं, टॉवेलात गुंडाळून झालं होतं. नेहाच्या सासूने ते उचललं, टॉवेल सोडला आणि पुन्हा टबात धरून त्याच्या डोक्यावरून पाणी ओतलं.

नेहा दारात उभी होती. म्हणाली, "आई, झाली ना त्याची अंघोळ."

"तेल राहिलंय अंगाला. अजून एकदा घातलेली बरी."

तेल राहिलं नव्हतं. बाळ आक्रसून रडत होतं. मी स्टुलावर बसलेली, हात ओले. मला कोणी ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

त्याआधी बोलणं झालं होतं ते एवढंच. सासू आदल्या दिवशी पुण्याहून आलेली. गोड आवाजात तिने विचारलं, "काय हो, तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की पाच?"

मी म्हटलं, "आमच्याकडे गणपती नसतो. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," म्हणाली, आणि बाळासाठी हात पुढे केले.

इथे अमेरिकेत, शॉमबर्ग गावात, आमच्यापासून दोन घरं सोडून नेहा राहते. तिचा नवरा माझ्या मुलाचा मॅनेजर. ती बाळंत झाली तेव्हा तिच्या आईला व्हिसा मिळाला नाही, सासूचं तिकीट पुढचं होतं. पोरगी रडकुंडीला आली होती. "मावशी, याल का?" म्हणाली. मी रोज सकाळी जायचे.

लहानपणी गावात मी वरच्या आळीतलं मूल कधी उचललं नाही. पडलं, रडलं, तरी हात मागे. आईने शिकवलं होतं, मार खायचा नसेल तर हात मागे ठेव. तिला एकदा बसला होता, म्हणून शिकवलं. म्हातारी झाले तरी माझे हात मागेच होते.

ते पुढे आले आफ्रिकेत.

अमेरिकेच्या आधी मुलाला कंपनीने घानात पाठवलं होतं, आक्रा शहरात. मलाही नेलं. पहिल्या दिवशी वाटलं, कुठे येऊन पडले. अंगाला चिकटणारा उकाडा. गाड्यांचे भोंगे, जनरेटर, चर्चचे लाउडस्पीकर, सगळं एकदम कानावर. बायका डोक्यावर मासे, अंडी, पाण्याच्या पिशव्या घेऊन गाड्यांच्या मधून चालायच्या. माझाच जीव वरखाली व्हायचा. पोरं मला बघून "ओब्रोनी, ओब्रोनी" ओरडायची. म्हणजे परदेशी. टोमॅटोवाली मला दुप्पट भाव सांगायची. मी मराठीत भांडायचे, ती तिच्या भाषेत. उगाच गोड करून सांगत नाही.

त्याच टोमॅटोवालीचं मूल तिच्या पाठीवर बांधलेलं असायचं. एकदा ते रडायला लागलं, इकडे गिऱ्हाईक खोळंबलं. तिने कापड सोडलं आणि मूल माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले. सवय. ती वैतागली. मूल माझ्या छातीशी ढकललं आणि टोमॅटो भरायला लागली.

मी तशीच उभी. वाट बघत होते, आता कोणीतरी विचारेल, तू कोण. कोणी विचारलं नाही. घामेजलेलं, जड पोर. माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपलं. तिने परत घेतलं तेव्हा त्याला पुसलंसुद्धा नाही. पाठीवर टाकलं, बांधलं, पुन्हा भाव ओरडायला लागली.

माझ्या हाताला काही लागलेलं नाही, हे मी सभांमधून ऐकलं होतं. पटलंही होतं. पण हातांना माहीत नव्हतं. त्या बाजारात कळलं. परकी होते मी तिथे. बाटवणारी नव्हते.

म्हणून त्या मंगळवारी नेहाच्या बाथरूममधून मी मान खाली घालून निघाले, तरी घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. पूर्वी गिळलं असतं. त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "आई, माझ्या ग्रीन कार्डची फाइल नेहाच्या नवऱ्याच्या सहीसाठी थांबलीये. शनिवारी बारसं आहे. प्लीज, फक्त हसून ये."

गेले. मुलगा मागे पुरुषांत थांबला. पाळण्याभोवती बायका उभ्या होत्या. बाळ पाळण्याच्या खालून, वरून, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." माझी पाळी आली तशी सासू म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा दारातल्या चपला नीट लावता का? लोक अडखळतायत."

नेहा खाली बघत होती. बाळ माझ्या समोरून पलीकडे गेलं.

मी हलले नाही. म्हटलं, "चपलांचं राहू द्या. मंगळवारी माझ्या मांडीवरून उचलून बाळाला पुन्हा का धुतलंत, ते सांगा."

गाणं थांबलं. एकीने फोनवरचं शूटिंग बंद केलं.

"अहो, तेल होतं. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

नेहाचा नवरा हसत पुढे आला. "मावशी, चिल. अमेरिकेत कोण पाळतं हे सगळं?"

"तुमच्या आईंनी पाळलं," मी म्हटलं. "तुमच्याच बाथरूममध्ये."

मुलाने माझा दंड धरला. "आई, चल."

बाहेर फुटपाथवर तो रडवेला झाला. "एकदा फोन करून सॉरी म्हण. एवढंच. नाहीतर माझं सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"तुला हा देश सोडावा लागला तर मी तुझ्याबरोबर निघेन," मी म्हटलं. "सॉरी म्हणणार नाही. आणि माझ्या वतीने तूही म्हणायचं नाहीस."

सही अजून झालेली नाही. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. तरी उत्तर तेच. त्याच्या ऑफिसात कोणी विचारायला बोलावलं तर मी जाईन. इंग्रजी येत नाही मला, पण शेजारी दुभाषी बसवून पहिल्यापासून सांगेन, कोणाचं नाव गाळणार नाही.

हे माझ्याबरोबर झालं. मी चंद्रपूरकडची, चौथी शिकलेली बौद्ध बाई.