मामांची पंगत

माझ्या थोरल्या मामांइतका एकट्यानं जेवायला घाबरणारा माणूस साऱ्या भूम तालुक्यात झाला नसेल. विंचू दिसला तर चप्पल शोधण्याआधी त्याची चौकशी करणारे मामा, पुढ्यात ताट आलं आणि शेजारी कुणी नसलं की कावरेबावरे व्हायचे. मामी लवकर गेल्या, तेव्हापासूनचं हे. पुढं दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर एका शेती अधिकाऱ्यानं त्यांना इस्रायलमधल्या किबुत्झची हकीकत सांगितली. तिथं म्हणे वाळवंटात माणसं मिळून शेती करतात आणि जेवतातही मिळूनच. शेतीचं मामांना किती समजलं कोण जाणे, जेवणाचं मात्र त्यांनी घट्ट धरलं. "आपुन बी करू की! वाळलेला माळ तर आपल्याकडं बी लई हाय."

आमचं घर, बौद्ध वस्तीतली गयाबाईची भावकी, रहीमचाचांचं कुटुंब अशी मोजकी घरं जमवून त्यांनी माळावर सहकारी शेतीसंस्था काढली. जमीन एक, विहीर एक, चूलही एकच. गावातले म्हणाले, "मामा, धरम बुडवला तुमी." मामा म्हणाले, "बुडायला पाणी कुठंय?"

बैलही सगळ्यांचेच. पोळ्याला प्रत्येक बाईनं आपला बैल समजून त्यांना गुपचूप पुरणपोळ्या चारल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही बैल पोटं फुगवून आडवे. मामा चोळून चोळून थकले, तेव्हा रहीमचाचा म्हणाले, "बैल सबका है मामा, पेट तो उसका अकेले काच है ना!"

मला कॉलेजात घालायचं तेही पंगतीतच ठरलं. माझ्या वाटची कामं साऱ्यांनी वाटून घेतली. मी पदवीधर झालो तेव्हा मामा भूमच्या बाजारात ओळखी-अनोळखी माणसाला पेढा देऊन सांगत होते, "आमी बी.ए. झालो!" त्या 'आमी'त मी कितवा होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग पाऊस बरा झाला, तुरी डोक्याएवढ्या वाढल्या. भांडण कुणाचंच नव्हतं. गयाबाई एवढंच म्हणाली, "मामा, सुना आल्या. आता ज्येच्या त्येच्या दारात धूर निघू द्या." मामांनी विचारलं, "निदान सांजचं तरी एका जागी?"

चुली वेगळ्या झाल्या त्या संध्याकाळी मी सुट्टीवर आलो होतो. प्रत्येक घरातून मामांना ताट आलं. त्यांनी ती ताटं ओळीनं मांडली, प्रत्येकासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेवटाला मला घेऊन बसले. घास काही उचलेनात. गयाबाई ताट न्यायला आली.

"का वं मामा, अळणी झालं का?"

"न्हाय बाई. ब्येस झालंय. माणसंच कमी पडली."

गयाबाई पदराला हात पुसत खाली बसली आणि तिनं भाकरी मोडली. मामा जेवले, पोटभर जेवले. तिच्या दारातून सून हाका मारत होती. गयाबाई एकदा "आले" म्हणाली, पण मामांचा हात धुऊन होईपर्यंत उठली नाही.