ढोलावरचा ओला मोर

आज स्टुडिओत कुणीतरी थिनरची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी थेट साक्रीच्या एका लग्नात जाऊन पोचले. तिथल्या बँडवाल्या नानांच्या मोठ्या ढोलावर मी मोर रंगवला होता. माझं पहिलंच काम. रंग वाळायच्या आतच वरात निघाली, आणि पहिल्या ठोक्यासरशी पिसाऱ्याचा निळा रंग थरथरत ओघळू लागला. आता नाना रागावणार म्हणून मी मागे सरकले. नानांनी वाजवता वाजवता वाकून पाहिलं आणि ते हसत ओरडले, "पोरी, तुना मोर नाची ऱ्हायना!"

मोर नाचतोय म्हणे! माझा जीव भांड्यात पडला. तेव्हा वाटलं होतं, वाचले बाई! आता कॉम्प्युटरवर चित्र काढताना एखादी रेषा अगदी काटेकोर आली, की मलाच चैन पडत नाही. मग मी ती जराशी हलवते. ढोल वाजतोय हे कळायला हवं ना.